बादलीचा नकार

दारात चपलांचा ढीग आणि आत शेजारपाजारची पंधराएक माणसं. सगळ्यांचे डोळे बाबांच्या संगणकावर, कारण तीन आठवड्यांपूर्वी गेलेले बाबा त्यात दिसत होते. कपाळ, चष्मा, अर्धी मिशी, सगळं तुकड्यातुकड्यांत.

"विचारा वहिनी," माऊस धरून बसलेले शेजारचे सिद्धकाका म्हणाले. "आत्मा म्हणजे लहरी. लहरींना यंत्रच मानवतं."

आई पडद्याकडे वाकली. "अहो, हृदयाचं ऑपरेशन करून घेऊ ना?"

चेहरा डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला.

"नाही म्हणतायत!" मागून कुणीतरी हुंदका दिला.

"उद्या सकाळीच तारीख रद्द करते," आई म्हणाली.

"आई, तुझ्या हृदयाची झडप महिनाभरही धरेल की नाही, डॉक्टरांना खात्री नाही," मी म्हणाले.

"डॉक्टरांपेक्षा ह्यांना माझी जास्त काळजी आहे."

बाबा नकाशे काढायचे. आराखड्यांचा त्यांचा जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चालेना, म्हणून त्यांनी लिनक्सवर एम्युलेटर बसवला होता, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग. त्यात काही बिघडलं की ते वहीत लिहायचे: तारीख, लक्षण, उपाय. घरात आम्ही त्या वहीला केसपेपर म्हणायचो. मी खणातून ती काढली. दोन वर्षांपूर्वीची नोंद सापडली.

"अपडेटमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. एम्युलेटरच्या खिडकीत डेस्कटॉपवरच्या चित्राचे तुकडे. माऊस हलला की तेही हलतात. भूत वाटलं. भूत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत उरलेलं जुनं चित्र न पुसताच दाखवलं जातं. उपाय: एम्युलेटरला कार्डाची मदत बंद."

बाबा गेल्यावर डेस्कटॉपवर त्यांचा फोटो दादाने लावला होता, आणि चेहऱ्याचे तुकडे दिसत होते ते एम्युलेटरच्याच खिडकीत. अपडेट तर आपोआपच होत असे, त्यात ती मदत पुन्हा चालू झाली असणार.

न्हाणीघरातल्या पिवळ्या बादलीचा फोटो काढून मी तो डेस्कटॉपवर लावला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. एम्युलेटर उघडला. खिडकीत पिवळे तुकडे, मग कडी.

"काका, माऊस द्या जरा. बादलीबाई, आईने ऑपरेशन करून घ्यायचं ना?"

मी माऊस हलवला. बादलीने ठाम नकार दिला.

कुणीतरी फिसकन हसलं. काका उठले. "अविश्वासाने आत्मा दुखावून निघून गेला."

"आणि जाताना बादलीला बसवून गेला?"

मी कार्डाची मदत बंद केली. खिडकी स्वच्छ झाली. बाबांचा शेवटचा, अर्धवट नकाशा तेवढा उरला. माणसं खाली बघत चपला शोधू लागली.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "ते निदान उत्तर तरी देत होते. तू महिन्यातून एकदा फोन करतेस, तोही घाईत."

ते खरं होतं. वही तिच्या मांडीवर ठेवली. 'भूत नाही' या अक्षरांवरून तिने दोनदा बोट फिरवलं.

"ऑपरेशनची तारीख आहे तीच राहू दे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

गेलेल्या माणसाने एकदा तरी बोलावं, ही ओढ खोटी नसते. तिला हसू नका, मीही हसत नाही. फक्त पडदा बोलू लागला, तर उत्तर ऐकण्याआधी माऊस कुणाच्या हातात आहे ते बघा.