बायरिशर प्लाट्झचा नकाशा

इंदुमती गजभिये यांनी नागपूरच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं चित्रकला शिकवली. नवरा गेल्यावर त्या मुलीकडे, रश्मीकडे, कॅनडातल्या रिचमंड हिलला राहायला आल्या. रश्मी सकाळी सातला गाडी काढून टोरोंटोच्या ऑफिसात जायची, ती अंधार पडल्यावर परतायची. दिवसभर बाईंना बोलायला एकच माणूस होतं, शेजारच्या मिसेस लेव्हिन.

मिसेस लेव्हिन ब्याऐंशी वर्षांच्या. मूळच्या बर्लिनच्या, ज्यू. मुलगा व्हँकुव्हरला. त्यांच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता, कडेकडेचंच तेवढं दिसायचं. आलेली पत्रं वाचून दाखवायला त्या इंदुमतीबाईंना बोलवायच्या. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या शाळांत घडलेलं होतं, पण एकमेकींना ते नीट कळायचं.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात बर्लिनहून एक जाड पाकीट आलं. पत्र जर्मनमध्ये होतं, सोबत इंग्रजी भाषांतर. इंदुमतीबाईंनी ते वाचून दाखवलं. मिसेस लेव्हिन लहानपणी ज्या घरात राहत, तिथल्या आताच्या रहिवाशांनी ते लिहिलं होतं. तुमच्या आईवडिलांच्या आठवणीसाठी त्यांच्या नावाच्या दोन पितळी पाट्या आम्ही घरासमोरच्या फुटपाथमध्ये बसवणार आहोत. मार्चमध्ये छोटा कार्यक्रम आहे. तुम्ही याल का?

"नाही," मिसेस लेव्हिन लगेच म्हणाल्या. मग पत्र हातात घेऊन त्याची घडी घातली. "तू चित्रं काढायचीस ना, इंदू? माझ्यासाठी एक चौक काढशील?"

त्या चौकाचं नाव बायरिशर प्लाट्झ. इंदुमतीबाईंनी ते तीनदा म्हणून पाहिलं, तेव्हा कुठे जिभेवर बसलं.

हिवाळाभर त्या दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. मिसेस लेव्हिन डोळे मिटून सांगायच्या आणि इंदुमतीबाई पेन्सिलीने काढायच्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा तिथे नुसती शेतं होती. मग एका कंपनीने जमीन घेऊन रस्ते आखले, मधे बाग केली, खालून रेल्वे नेली. डॉक्टर, वकील, प्रोफेसर राहायला आले. त्यांत ज्यू इतके की लोक त्या वस्तीला चेष्टेने ज्यूंचं स्वित्झर्लंड म्हणायचे.

"कारंजं इथे. नाही, थोडं डावीकडे. स्टेशनातून वर आलं की पहिल्यांदा पाण्याचा आवाज यायचा. इथे आमचं घर, तिसरा मजला. खाली वडिलांचा दवाखाना."

वडील डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना त्यांच्या पायाला गोळी लागली होती, पदकही मिळालं होतं. एकोणीसशे अडतीसमध्ये हिटलरच्या सरकारने ज्यू डॉक्टरांचे परवाने काढून घेतले, तेव्हा ते पदक काही उपयोगाला आलं नाही.

"आणि बाकं?" इंदुमतीबाईंनी विचारलं. "बागेत बाकं असतीलच."

मिसेस लेव्हिननी डोळे उघडले. "बाकं उद्या काढू."

तो उद्या तीन आठवड्यांनी आला. जानेवारी संपत होता. बाहेर बर्फ पडत होता, ड्राइव्हवे सकाळी फावड्याने मोकळा केलेला, तो पुन्हा भरला होता. मिसेस लेव्हिननी चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे पिवळी पेन्सिल आहे?"

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे एकोणचाळीस साली त्या बागेतली काही बाकं पिवळी रंगवली. ज्यूंनी फक्त त्यांच्यावरच बसायचं. वडील म्हणाले, आपण बसायचंच नाही. ते काठी टेकत चौकातून जायचे, पण कुठे थांबत नसत. जूनमध्ये एक दिवस वडील आणि त्या, दोघंच बाहेर पडले होते. ऊन होतं. वडिलांचा पाय फार दुखायला लागला आणि ते पिवळ्या बाकावर बसले.

"मी बारा वर्षांची. केस सोनेरी, ज्यू वाटायची नाही. समोरच्या बाकावर माझ्या वयाच्या काही मुली बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली. मी त्यांच्यात जाऊन बसले. एकीने विचारलं, तो म्हातारा कोण गं? मी म्हटलं, मला काय माहीत."

इंदुमतीबाईंची पेन्सिल थांबली होती.

"वडिलांनी ऐकलं. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं, कारंज्याकडे बघत राहिले. मग उठून एकटेच घरी गेले. मी मागून गेले. कुणी काही बोललं नाही. तीन आठवड्यांनी मला ज्यू मुलांना देशाबाहेर नेणाऱ्या आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. बेचाळीसच्या जानेवारीत आईवडिलांना पकडून रीगाकडे नेलं, तिथे ज्यूंना मारत होते. पुढे काही कळलं नाही."

"तुम्ही सुरक्षित राहावं हेच त्यांना हवं असणार," इंदुमतीबाई म्हणाल्या. "म्हणून तर त्यांनी तोंड वळवलं."

"माझी समजूत घालू नकोस!" मिसेस लेव्हिन एवढ्या जोरात कधी बोलल्या नव्हत्या. "सत्तर वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलेय."

इंदुमतीबाई उठल्या. कप विसळले. सिंकशी पाठमोऱ्याच उभ्या राहून त्या बोलू लागल्या. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"मी बावीस वर्षांची होते. वर्ध्याला पहिली नोकरी लागली. आमच्या लोकांना तिथे खोली मिळेना, म्हणून घरमालकिणीला मी खोटं आडनाव सांगितलं. हिवाळ्यात माझे वडील नागपूरहून आले. गिरणी कामगार. मला थंडी वाजेल म्हणून गोधडी घेऊन आले होते. मालकिणीने दारातच विचारलं, हे कोण? वडिलांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तेच म्हणाले, मी शाळेतला शिपाई, बाईंचं सामान पोचवायला आलो. तिने त्यांना ओट्यावर पाणी दिलं. वरून ओतलं, ते ओंजळीने प्यायले. मी दारात उभी होते. गोधडी माझ्या हातात होती."

"नंतर काही बोललात?"

"नाही. ते पुढे बावीस वर्षं जगले. मी रोज बोलू शकले असते."

"मग तुझं जास्त वाईट," मिसेस लेव्हिन म्हणाल्या. "मला तर तीनच आठवडे मिळाले होते."

हे ऐकून इंदुमतीबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्या टेबलाशी परत आल्या आणि पिवळं बाक रंगवून पूर्ण केलं. मिसेस लेव्हिननी त्यांचा हात धरून नकाशातल्या समोरच्या बाकावर नेला. "इथे एक ठिपका काढ. खाली माझं नाव लिही, गेर्डा."

नकाशा फेब्रुवारीत बर्लिनला गेला. सोबत मिसेस लेव्हिननी सांगितलेलं आणि इंदुमतीबाईंनी लिहून घेतलेलं एक पानाचं पत्र होतं. त्यात तो जूनमधला दिवस होता. तो होता तसाच लिहिला होता, कसलीही सारवासारव न करता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला फोन आला. बर्लिनमध्ये दुपारचे दोन वाजले होते. स्पीकरवरून आधी गाड्यांचे आवाज आले, मग दगडावर हातोडी ठोकल्याचे. एका बाईने आईवडिलांची नावं वाचली. मग ते पत्र जर्मनमध्ये वाचलं. इंदुमतीबाईंना त्यातलं एकच नाव कळलं, गेर्डा. मिसेस लेव्हिन ताठ बसून ऐकत होत्या. वाचन संपल्यावर नुसती रहदारी ऐकू येत राहिली. त्या बाईने सांगितलं, चौकातल्या दिव्यांच्या खांबांवर त्या काळच्या कायद्यांच्या पाट्या लावलेल्या आहेत, पिवळ्या बाकांचीही आहे. पण बाकावर बसलेलं माणूस आम्हाला आज पहिल्यांदा कळलं.

फोन ठेवल्यावर मिसेस लेव्हिन म्हणाल्या, "आता मला झोपू दे." आणि त्या दुपारपर्यंत झोपल्या.

एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम एका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होता. दरवर्षी इंदुमतीबाई मुलांच्या चित्रांची बक्षिसं द्यायच्या आणि खाली उतरायच्या. या वर्षी त्यांनी माइक मागून घेतला. सुटाबुटातले इंजिनियर, त्यांच्या बायका, आपसात इंग्रजीत बोलणारी पोरं, सगळ्यांसमोर त्यांनी वर्ध्याच्या ओट्यावरची गोष्ट सांगितली. वडिलांचं नाव घेतलं, धोंडिबा रामटेके. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ चष्मा काढून खाली बघत बसले होते.

परतताना गाडी रश्मी चालवत होती. ती म्हणाली, "आई, मला कधीच का नाही सांगितलंस?"

"तुला आजोबा फार आवडायचे."

रश्मीने लेन बदलली. "त्या घरमालकीण बाईंचा पत्ता आठवतो तुला?"

"आठवतो की. पण त्या केव्हाच गेल्या असतील गं."

"घर तर असेल. कुणीतरी राहत असेलच ना तिथे." ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये सुट्टी अप्लाय करते. आपण वर्ध्याला जाऊ."

"जाऊन काय करायचं?"

"बेल वाजवायची," रश्मी म्हणाली, "आणि आजोबा कोण होते ते सांगायचं."