नाव घेण्याचा धडा

"साठीला टेकलेल्या जिभेला आता हे काय नवं लचांड," सोजरबाई पदराआड पुटपुटली. "भाकरीचा तुकडा घशात अडकल्यासारखं बोलायचं म्हने."

ती पुटपुटली मालूबाईच्या कानाशी, पण मोबाइलनंही ते ऐकलंच असणार. तो पिठाच्या डब्यावर, डाळीच्या बरणीला टेकवून उभा केला होता आणि समोरचं सगळं टिपत होता. मालूबाईच्या लेकीनं, निर्मलानं, ओठांवर बोट ठेवलं. मराठी बोलायचं नाही.

नियमच तसा होता. निर्मला लग्न होऊन जर्मनीला गेली त्याला नऊ वर्षं झाली. पहिली वर्षं ती तिथल्या सरकारी वर्गात बसून भाषा शिकली. त्याला इंटिग्रेशन कोर्स म्हणतात, म्हणजे तिथल्या लोकांत मिसळून जायचा कोर्स, असं तिनं आईला फोनवर समजावलं होतं. मालूबाईला ते फारसं पटलं नव्हतं. बऱ्हाणपुरात एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू सगळं चालतं, आणि मिसळायला अजून कुणी वर्ग काढलेला नाही. आता निर्मला अशा नवख्यांना शिकवणारी बाई व्हायच्या कोर्सला बसली होती. सुरुवातीलाच परीक्षा होती. भाषेचा एक शब्दही न येणाऱ्या तिघांना वीस मिनिटं शिकवायचं, त्यांच्या भाषेला हात न लावता, आणि सोमवारच्या आत व्हिडिओ पाठवायचा. तो पसंत पडला तरच पुढचं शिक्षण. निर्मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली होती, म्हणून ही तिघं म्हणजे आई, शेजारची सोजरबाई आणि चुलती कोकिळा. आज रविवार होता.

स्वतःचं नाव सांगणं झोकात पार पडलं. "इश हाइसे कोकिळा," असं कोकिळा तीनदा म्हणाली, एकदा तर कुणी विचारलं नसतानाही.

मग निर्मलानं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं चित्र दाखवलं. कॅलेंडरातून कापलेले नवरानवरी. तिनं नवऱ्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. "माइन मान हाइस्ट..." इथं ती जरा थांबली. "पीटर."

माझ्या नवऱ्याचं नाव पीटर. तेवढं मालूबाईलाही कळलं.

सोजरबाईची पाळी आली तशी तिनं मान खाली घातली, पदर नीट केला, आणि भाषा जर्मन आहे हे साफ विसरून सुरू झाली, "केळीच्या बागेत तापीचं पाणी, लोटूरावांचं नाव घेते बहादरपूरची राणी."

कोकिळा हसता हसता भिंतीला टेकली. "मी तर नई घेणार बाई असं कोरडं नाव. तिकडच्या फोटोत आमचे हे हायेत, बोट दाखवलं तर चालंल का गं?"

निर्मलानं उठून मोबाइल बंद केला. रागावली नव्हती. "काकू, मावशी, अहो नुसतं एक नाव सांगायचंय. परीक्षा माझी आहे."

"तुले काय जातं बोलायला," सोजरबाई म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, घरात 'अवो' म्हनूनच हाक मारली मी. आणि तूही काय गं, जावईबापूंचं नाव सोडून हा पीटर कुठून आणला? एवढी कधीपासून लाजायला लागली?"

कोकिळा सतरंजीचा दोरा ओढत बसली. सोजरबाईलाही आपलं वाक्य आपल्याच कानाला बरं लागलं नसावं, तिनं पाण्याचा तांब्या जवळ घेतला.

"चहा टाकते," म्हणून निर्मला आत गेली.

मालूबाई चित्रातल्या नवऱ्याकडे पाहत राहिली. पूर्वी ही पोरगी फोनवर दहा वेळा श्रीकांत श्रीकांत करायची. श्रीकांतनं भाजी जाळली, श्रीकांतला सर्दी झाली. मालूबाई दर वेळी टोकायची, नवऱ्याचं असं नाव घेऊ नये गं. पोरगी हसायची. या खेपेला मात्र येऊन अकरा दिवस झाले होते, आणि ते नाव घरात एकदाही उमटलं नव्हतं. पाहुण्यारावळ्यांनी विचारलं की "बरे आहेत," एवढंच. आखाजीच्या दिवशी जावयाचा फोन आला नाही. त्याच्यासाठी आणलेला दराब्याच्या मिठाईचा डबा फळीवर तसाच होता. मालूबाईनं तो दोनदा बॅगेशेजारी नेऊन ठेवला आणि दोन्ही वेळा तो परत फळीवर आला. दोघींनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मालूबाई डब्यावरची धूळ तेवढी पुसत होती.

एवढ्या वर्षांत आपली शिकवण लेकीनं ऐकली ती अशी, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

चहा झाला. कपबशा आत गेल्या. निर्मलानं चेहरा धुतला होता, कपाळाजवळचे केस ओले होते. "आता शेवटचं," ती म्हणाली. "जमलं नाही तर राहू दे. मी कळवेन त्यांना."

राहू दे म्हणताना तिनं चित्राचा पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला होता. मालूबाईनं ते पाहिलं. ती उठून सोजरबाईच्या पुढं, मोबाइलच्या अगदी समोर जाऊन बसली.

मोबाइल चालू झाला. पुन्हा नावं झाली. पुन्हा नवरानवरी. पुन्हा निर्मलाचं बोट छातीवर गेलं, "माइन मान हाइस्ट..." आणि पुन्हा तो पीटर.

मग तिनं आईकडे हात केला.

मालूबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तो असताना हळदीकुंकवाला, बारशाला बायका आग्रह करायच्या, आणि ती उखाण्यात गुंडाळून नाव घ्यायची. तो गेल्यावर आग्रह करणार कोण? विधवेला नाव घ्यायला कुणी सांगत नाही. आणि नुसतं, मागंपुढं काही न जोडता, तर तिनं ते जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. अगदी दवाखान्यात डॉक्टरांनी पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तिनं दिराकडे पाहिलं होतं.

तिनं पदर डोक्यावर घेतला. घेतला तसा खाली सोडला.

"माइन मान," ती म्हणाली. जीभ अडखळली. "माइन मान हाइस्ट दगा."

सोजरबाईचा हात तोंडावर गेला. कोकिळा हलली नाही. नजर लागू नये म्हणून सासूनं ठेवलेलं ते ओबडधोबड नाव खोलीत असं सरळ उभं राहिलं, जणू हाक ऐकून कुणी दारात यावं.

निर्मलानं आता शाबास म्हणायचं होतं, त्याचा जर्मन शब्द तिघींना पाठ झाला होता. तो आला नाही. तिच्या हातातला पुठ्ठा खाली आला.

"मी घेतलं," मालूबाई मराठीत म्हणाली. "आता तू खरं सांग. पीटर नको."

"आई," निर्मला कसंबसं म्हणाली, "मोबाइल चालू आहे."

"चालू दे." मालूबाईनं तिच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला आणि चित्र पालथं करून सतरंजीवर ठेवलं. "श्रीकांत तुझ्या घरी राहत नाही आता. तू एकटी राहतेस तिथं."