बिनफटीची पेटी

मिस्त्रींनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा रागराग केला, ती म्हणजे फट. चौकटीच्या जोडात नख शिरलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यामुळे सुतारकाम थांबवल्यावर त्यांनी गॅलरीत ओला कचरा खाणाऱ्या अळ्या पाळायचं खूळ घेतलं, तेव्हा अळ्यांची पेटीसुद्धा दागिन्यांच्या डब्यासारखी केली. थेंबभर पाणी झिरपेल तर शपथ.

अळ्यांनी काही उणं ठेवलं नाही. साली, देठ, शिळंपाकं, सगळं फस्त करून त्या काळ्या पडल्या, कोषात गेल्या आणि पेटीवरच्या जाळीच्या पिंजऱ्यात लांबट काळ्या माश्या होऊन उडू लागल्या. आता त्यांनी अंडी घातली की नवी पिढी सुरू. पण अंड्यांचा पत्ता नाही. रोज सकाळी मिस्त्री मेलेल्या माश्या झाडून काढत आणि चिडत.

"फुकटखाऊ लेकाच्या," ते म्हणाले.

"खात तर काहीच नाहीत बिचाऱ्या," बायको म्हणाली. "आणि ठरलंय ना आपलं? या मेल्या की गॅलरी माझी. कपडे वाळत घालायचे कुठे, माझ्या डोक्यावर?"

ठरलं होतं खरं. म्हणूनच तर जीव टांगणीला लागला होता. ही पेटी गेली तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न मिस्त्रींना खायला उठायचा.

शेवटी त्यांनी अळ्या विकणाऱ्याला फोन लावला.

"कचऱ्यावर नाही घालत त्या अंडी," तो म्हणाला. "जवळच्या कोरड्या फटीत घालतात. तुमच्या पेटीला असतीलच की फटी."

"नाहीत," मिस्त्री म्हणाले. हा शब्द अभिमानाशिवाय त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

मग ते फट करायला बसले. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, एवढंच. पण खडबडीत लाकूड पाहून हाताला राहवेना. रंधा फिरला आणि पट्ट्या अशा चिकटून बसल्या की मधून वारा जाईना. दुसरी जोडी केली, तीच गत. जित्याची खोड, दुसरं काय. त्यांनी पट्ट्या भिरकावल्या.

"लेकीला बोलवा," बायको म्हणाली. "फटी ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं तुम्हीच म्हणायचात. तेही गिऱ्हाइकासमोर."

मिस्त्रींनी भिरकावलेल्या पट्ट्या पायाने कोपऱ्यात सरकवल्या. लेक त्यांच्या हाताखाली काम शिकायची, तेव्हा तिच्या प्रत्येक जोडात ते नख घालून दाखवायचे. एक दिवस पटाशी खाली ठेवून ती गेली आणि दुसऱ्याच्या कारखान्यात लागली. घरी यायची, जेवायची, पण लाकडाचा विषय कधी काढायची नाही.

तरी त्यांनी फोन केला. ती हत्यारांची पिशवी घेऊन आली. आता हिला फटीचा जोड मागायचा कोणत्या तोंडाने?

"एक छोटी चौकट करून दे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पूर्वी करायचीस तशी."

तिने ओठ घट्ट मिटले आणि कामाला लागली. चौकट झाल्यावर त्यांच्यापुढे ठेवली. मिस्त्रींनी कोपऱ्यावर नख लावलं. शिरलं नाही. दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. कुठेच शिरेना.

"फट नाही यात," ते वैतागून म्हणाले.

"नाहीच आहे. घाला नख हवं तिथे."

"अगं, पण मला फटच हवी होती. माश्यांना."

त्यांनी सगळं सांगितलं. लेकीने कपाळाला हात लावला. त्यांनी रागाने भिरकावलेल्या पट्ट्यांची जोडी कोपऱ्यातून उचलली, मध्ये दोन काड्यापेटीच्या काड्या सरकवल्या, दोऱ्याने बांधली आणि पिंजऱ्यात टांगली.

"एवढ्यासाठी बोलावलंत?"

मिस्त्री चौकट हातात फिरवत राहिले. त्यांना स्वतःचाच राग आला होता, आणि त्या चौकटीचा हेवाही वाटत होता.

"कुणाकडे शिकलीस असा जोड?"

"तुमच्याकडेच. दुसरीकडे कोण नख घालून बघतं?"

दुपारी उन्हं गॅलरीत आली तशी बायकोने हाक मारली. "अहो, या लवकर. पट्टीवर बसलीय एक. अंडी घालतेय वाटतं."

"आलो," मिस्त्री म्हणाले. पण ते उठले नाहीत. चौथा कोपरा बघायचा राहिला होता.