मालकांचं भाषण, जसं ऐकू आलं तसं

माल वाहणारी गाडी मागे येताना एका कामगाराच्या पायावर चढली, तेव्हा मालकांनी एका वाक्यात निकाल देऊन टाकला: लक्ष नव्हतं त्याचं. मॅनेजरने मात्र तो प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. गाडीचा भोंगा वाजत होता, पलीकडून दोघं जण जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि तो माणूस पाठमोरा उभा राहून शांतपणे पातेल्यांची चळत रचत होता. लक्ष नसलेला माणूस असा नसतो. तो तर कामात अगदी गढून गेला होता.

कारखाना स्टीलच्या भांड्यांचा. एका टोकाला पत्र्याच्या चकत्या आत जायच्या, मधल्या मोठ्या शेडमध्ये प्रेस त्यांच्यावर दणादण आपटायचे आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत पातेली, डबे, झाकणं बाहेर पडायची. त्या शेडमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. सगळे खुणांनी बोलत. नवीन माणसाला काम शिकायला जेवढा वेळ लागे, तेवढाच त्या खुणा शिकायला लागे.

मॅनेजरचे दादा त्याच शेडमध्ये प्रेसवर होते. वडील लवकर गेले आणि घर दादांच्या अंगावर पडलं. धाकट्याचं शिक्षण त्यांनी प्रेसवर उभं राहून पुरं केलं. तोच धाकटा पुढे तिथेच मॅनेजर होऊन आला, तेव्हा सगळ्यांसमोर त्याला 'साहेब' म्हणायची पहिली हाक दादांनीच मारली आणि मग स्वतःच पोट धरून हसले. घरी टीव्हीचा आवाज एवढा असे की शेजाऱ्यांना वेगळा टीव्ही घ्यायची गरजच नव्हती. वहिनी म्हणायच्या, या घराण्यात बायकोचं ऐकायची पद्धतच नाही. सगळे हसत. मॅनेजरही हसे.

अपघातानंतर मात्र त्याला त्यावर हसू येईना; त्या माणसाला भोंगा ऐकूच आला नसेल तर? त्याने मालकांच्या मागे लागून सरकारी इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. मालक म्हणाले, करा काय करायचं ते, पण काम थांबता कामा नये.

डॉक्टर आल्या त्या एका बंद गाडीतून. गाडीच्या आत जाड भिंतींची एवढीशी खोली होती, दार लावलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं नाहीसं व्हायचं. बाई ठेंगण्या, केस पिकलेले, आवाज मऊ. एवढ्या मऊ आवाजाची बाई या शेडमध्ये काय बोलणार, असं मॅनेजरला वाटलं. पण त्या समोरच्याच्या तोंडापुढे उभ्या राहत, त्याचे डोळे आपल्याकडे वळेपर्यंत थांबत आणि मगच बोलत. कामगारांना त्यांचा शब्द न् शब्द कळत होता. मॅनेजर इतकी वर्षं घसा फोडत होता, ते वाया गेलं होतं.

तपासणी सुरू करण्याआधी त्यांनी मालकांपुढे एकच अट ठेवली. कुणाचे कान कसे आहेत, हे फक्त त्या त्या माणसाला सांगणार. कारखान्याला सगळ्यांचं मिळून चित्र देणार, नावं नाहीत. मालक घाईत होते. बरं बरं म्हणाले.

गाडीत जाऊन बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. पण पहिल्या दिवशी सगळ्यांचे कान लहान मुलासारखे तल्लख निघाले. डॉक्टरांनी भुवई उंचावली. मग त्यांना कळलं, आत बसलेला माणूस समोरच्या काचेत त्यांच्या हाताचं प्रतिबिंब पाहतो, हात हलला की बटण दाबतो. एकाने युक्ती काढली आणि शेडभर खुणांनी पसरवली. डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी काचेला पडदा लावला आणि त्या युक्तिबाजाला म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांना शंभर मार्क. आता कानांना थोडी संधी द्या."

हे वाक्य जेवणाच्या सुट्टीत कारखानाभर फिरलं. युक्तिबाज कोण, ते मात्र कुणी सांगेना.

मग डॉक्टरांनी आणखी एक केलं. तपासणी थांबवली आणि सगळ्यांना बाहेरच्या पटांगणात बसवलं. मॅनेजरला वाटलं आता भाषण होणार, कानांची काळजी कशी घ्यावी वगैरे. त्यांनी भाषण दिलंच नाही. त्यांनी विचारलं की तुम्ही कशाला भिता. माणसं एकमेकांना खुणा करू लागली. शेवटी पैलवान म्हणून ओळखला जाणारा एक आडदांड गडी म्हणाला की बहिरा ठरलो तर उद्या गेटबाहेर, आणि बहिऱ्याला दुसरीकडे कोण घेतो? डॉक्टरांनी मान डोलावली. भीती खरी आहे, म्हणाल्या. मी तुमच्या जागी असते तर मीही काचेत पाहिलं असतं. मग त्यांनी नावांची अट सगळ्यांना समजावून सांगितली, एकेकाच्या डोळ्यांत बघून. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. पैलवान तेवढा आला नाही.

संध्याकाळी तपासणी संपली की बाई घरी जात नसत. आवाज मोजायचं यंत्र घेऊन शेडमध्ये फिरत. प्रेसजवळ उभ्या राहत, खाली वाकत, कधी पत्र्यावर तळहात ठेवून डोळे मिटत. मॅनेजर त्यांच्या मागे मागे फिरे. त्याला वाटायचं, प्रेस म्हटला की दणका आलाच, त्यात पाहायचं काय? एका संध्याकाळी त्यांनी त्याला बोलावून दाखवलं. प्रेसचा दणका मोठा होताच, पण कान खाणारा आवाज भलतीकडूनच येत होता. साच्यातून भांडं उडवायला हवेचा फवारा सुटे, त्याची शिट्टी. आणि ते भांडं खाली लोखंडी पेटीत पडे, तो खणखणाट. फवाऱ्याच्या तोंडाला वेगळी तोटी बसवा, पेटीला आतून रबर लावा, प्रेसच्या पायांखाली गाद्या घाला, मग राहिलेल्या आवाजाला आडोसे करा. कानात घालायचे बोळे सगळ्यांत शेवटी, असं त्या म्हणाल्या. कारण बोळे घालणं म्हणजे घराला आग लागली असताना घरच्यांना जाड कपडे वाटणं.

मॅनेजर त्या शेडमध्ये रोज फिरत होता. खणखणाट ऐकत होता आणि तो कुठून येतो, हे त्याने एकदाही शोधलं नव्हतं. त्याला लाज वाटली नाही, उलट उमेद आली. इतक्या वर्षांनी कुणीतरी या आवाजाचे धागे सुटे करून दाखवले होते.

अडचण आली ती अहवालाच्या वेळी. प्रेसवरच्या निम्म्याहून जास्त माणसांचे कान कायमचे बिघडले होते. मालकांनी ते ऐकलं, खुर्चीत मागे रेलले आणि नावं मागितली. म्हणाले की ज्यांचे कान गेले त्यांना हिशेब देऊन मोकळं करू, चांगल्या कानांची तरणी पोरं घेऊ. गोड बोलूनच म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, "मग दरवेळी पत्र्याबरोबर नवे कानही मागवावे लागतील तुम्हाला. पत्रा निदान भांड्यात दिसतो, कान कुठेच दिसत नाहीत."

मालकांचा चेहरा उतरला. तपासणीचा खर्च आम्ही केला, ही आमची माणसं, आमचा कारखाना, असं ते बोलत राहिले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नावं देणार नाही म्हणाल्या. आवाज तेवढाच मऊ होता.

बाहेर आल्यावर मॅनेजरने त्यांना गाठलं. त्याला मालकांसाठी नाव नको होतं, एकच नाव स्वतःसाठी हवं होतं. दादांचं काय? निदान एवढं तरी सांगा, तो माझा सख्खा भाऊ आहे. डॉक्टर थांबल्या.

"भाऊ आहे ना? मग त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगितलं, तर उद्या मालकांना का सांगत नाही याचं उत्तर माझ्याकडे उरणार नाही."

त्याला राग आला. घरी जाताना वाटेत तो राग निवत गेला आणि त्याची जागा भीतीने घेतली. दादा अंगणात पायरीवर बसले होते. मॅनेजर त्यांच्या शेजारी न बसता समोर बसला, जसं त्याने बाईंना करताना पाहिलं होतं, आणि दादांचे डोळे आपल्याकडे वळायची वाट पाहून त्याने विचारलं.

दादा आधी हसले. मग म्हणाले, "काचेतली युक्ती माझीच."

कधीपासून, तर खूप वर्षं झाली. ओठ वाचता येत होते, घरच्यांची वाक्यं पाठ झाली होती, भागत होतं. पुतणी, म्हणजे मॅनेजरची लेक, शाळेतले विनोद सांगायला यायची तेव्हा ती हसली की तेही हसायचे. का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी पायरीवरची धूळ हाताने झटकली. म्हणाले, "तू साहेब झालास. साहेबाचा भाऊ बहिरा म्हणून घरी बसला, असं कशाला? आणि मला काढायचं झालं तर सही तुझीच लागली असती, छोट्या."

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं 'हे माझं ऐकत नाहीत' म्हणून त्यांनी किती अबोला धरला, किती रुसल्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर एकदम येऊन गेलं. त्या येऊन नवऱ्याशेजारी टेकल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मालकांकडे गेला आणि म्हणाला की कुणाला काढायचं ठरलं तर त्या कागदावर माझी सही मिळणार नाही, मलाही धरूनच हिशेब करा.  मालक भडकले. पण मॅनेजरने आणखी एक विनंती केली, की डॉक्टरांचं शेवटचं एकदा ऐका. तेवढं मालकांनी मान्य केलं, बहुधा बाईंना तोंडावर नाही म्हणायची हौस म्हणून.

डॉक्टर एक छोटा स्पीकर घेऊन आल्या. मालक दरवर्षी कारखान्याच्या वाढदिवसाला पटांगणात भाषण करत, त्याचं रेकॉर्डिंग त्यांनी मॅनेजरकडून मागून घेतलं होतं. त्या भाषणाचा मालकांना फार अभिमान. आधी त्यांनी ते होतं तसं लावलं. "हा कारखाना तुमचा आहे. कोणाचाही हात मी सोडणार नाही." मालकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग डॉक्टर म्हणाल्या की आता हेच, तुमच्या प्रेसवरच्या माणसांना जसं ऐकू येतं तसं. त्यांनी बटण फिरवलं.

आवाज तेवढाच मोठा होता. पण शब्दांची टोकं कुणीतरी झिजवून टाकली होती. सगळे स, क, ख, च, त, ह गळून पडले होते. "आ आ-आना उमआ आए," असं काहीतरी विहिरीच्या तळाशी कुणी बडबडावं तसं ऐकू आलं. मालकांनी भुवया आक्रसल्या, पुढे वाकले. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा लावलं. अजून मोठ्याने लावा. बाईंनी मोठ्याने लावलं आणि तेच न कळणारं आणखी जोरात आलं. ओरडून उपयोग नसतो, तो असा.

"म्हणजे त्यांना यातलं काहीच कळलं नाही?" मालकांनी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या ना त्यांनी," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही थांबलात म्हणून वाजवल्या."

मालकांनी हात पुढे करून स्पीकर बंद केला. मग अचानक हसले, पण ते हसू काही सुखाचं नव्हतं. म्हणाले, काही वर्षांपूर्वी भाषणात मी अपघातात गेलेल्या एका माणसाचं नाव घेतलं होतं आणि यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून मी यांना दगड समजत आलो.

त्या दिवशी नावांचा विषय संपला. मालक काही रातोरात संत झाले नाहीत. रबर स्वस्त होतं म्हणून ते लगेच आलं, तोट्याही आल्या. आडोशांसाठी मॅनेजरला कानीकपाळी ओरडावं लागलं आणि शेडच्या मागच्या बाजूला ते अजून व्हायचे आहेत. पण कुणालाही काढलं नाही, आणि ज्यांना हवं त्यांना आतल्या, आवाज कमी असलेल्या साच्यांच्या खोलीत काम मिळालं. पेट्यांना रबर लागलं त्या सकाळी प्रेस सुरू झाले, तेव्हा माणसं काम सोडून एकमेकांकडे बघत राहिली. आवाज होताच. पण त्याच्यातली धार गेली होती.

गेलेलं ऐकणं परत येत नाही, हे डॉक्टरांनी कुणापासून लपवलं नाही. दादांना त्यांनी यंत्र बसवून दिलं तेव्हाही स्पष्ट सांगितलं की हे कान नव्हेत, कानांची काठी आहे, सवय होईपर्यंत त्रास देईल. दिलाच. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दादा दचकत. नळाखाली भांडी घासली की यंत्र काढून खिशात टाकत. कारखान्यातले लोक त्या यंत्राकडे चोरून बघत.

पैलवानाने एकदा जेवणाच्या सुट्टीत दादांना खुणेने विचारलंच, कसं काय?

दादा तोंडाने म्हणाले, "बायको काय काय म्हणते ते सगळं ऐकू येतं. तेवढं सोडलं तर बरं आहे."

पैलवान गदगदून हसला. आणि पुढच्या खेपेला बाईंची गाडी आली, तेव्हा इतर सगळे निघून जाईपर्यंत रेंगाळत थांबून तो पायऱ्या चढला. एवढ्याशा खोलीत त्याचं अंग मावेना, त्याने गुडघे पोटाशी घेतले. डॉक्टरांनी दार लावलं आणि पडदा ओढला.

मॅनेजर बाहेर उभा होता. बाई यंत्रासमोर बसल्या होत्या, पडद्याच्या अलीकडे. दिवसभरात त्यांनी कितीतरी माणसं तपासली होती. तरी त्या अशा पुढे झुकून, श्वास रोखून बसल्या होत्या, जणू आतला तो एकच माणूस जगात उरला होता. आतून बटण दाबलं जाई, यंत्रावर दिवा लागे आणि त्यांचा चेहरा हळूच उजळे. मग पुढचा, आणखी बारीक आवाज त्या आत सोडत आणि थांबत. दिवा लागला नाही तरी घाई करत नसत. आणखी जरा थांबत, न जाणो, लागेलही.