कंपनीसारखा उजेड

टिक्. टिक्-टिक्.

दुपारचे अडीच वाजले होते. घर इतकं गप्प होतं, की जुन्या ट्यूबच्या स्टार्टरचा तो आवाज वर्षालीला कुणी नखाने दार वाजवावं तसा वाटला. तिने चटकन बटण बंद केलं. भिंतीकडेच्या गादीवर तिचा नवरा समाधान कुशीवर वळला, काहीतरी पुटपुटला आणि परत निजला. ती तशीच उभी राहिली, बटणावर बोट ठेवून. ओट्याखाली पोटावर पडून चित्र रंगवणाऱ्या पाच वर्षांच्या योगिनीने मान वर केली आणि आईलाच तोंडावर बोट ठेवून दाखवलं. पोरीने दंगा केला असता तर वर्षाली रागावली असती; या शहाणपणाचं मात्र तिला वाईट वाटलं.

कासारवाडीतल्या त्या एका खोलीला खिडकीही एकच, आणि तिच्यावर समाधानने खोक्यांचे पुठ्ठे ठोकलेले. चाकणच्या कंपनीत त्याला कायमची रात्रपाळी लागल्यापासून दिवसाला घराबाहेरच ठेवावं लागे. स्टेशन जवळ, गाड्या धडधडत जायच्या, त्यांनी तो कधी जागा झाला नाही. या टिकटिकीने मात्र व्हायचा. आणि त्याची झोप मोडली की वर्षालीचा जीव खालीवर. पत्रा दाबायच्या प्रेसवर बारा तास उभा राहणारा माणूस. गेल्या महिन्यात उभ्या उभ्या डोळा लागला म्हणून सुपरवायझरने त्याला तासभर बाजूला बसवलं होतं. हे त्याने हसत सांगितलं होतं. तिला हसू आलं नव्हतं.

ती घाबरली हे पाहून त्याने मायलेकींना समोर बसवून प्रेस समजावली होती. दोन बटणं, दोन हातांना. दोन्ही एकदम दाबली तरच ते धूड खाली येतं. "म्हणजे दोन्ही हात बटणावरच. मशीनच्या तोंडात जायला हात उरतोच कुठं? कळलं का, योगूबाई?" काही कंपन्यांत टार्गेट गाठायला एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, मग एका हाताने पत्रा सरकवता येतो, हेही त्यानेच सांगितलं होतं. पण तसलं आपल्याकडे चालत नाही, म्हणाला. तेव्हापासून योगिनीचा एक नेम झाला. ताट समोर आलं की दोन्ही तळवे फरशीवर दाबायचे, आईने "खट्टाक" म्हणायचं, मगच पहिला घास.

आता प्रश्न उजेडाचा होता. बाईंनी परवाच शाळेत बोलावून सांगितलं होतं, पोरगी वहीला नाक लावून लिहिते, घरी उजेड असतो ना? वर्षाली हो म्हणून आली होती. ते हो तिला दोन दिवस टोचत होतं.

शेवटी तिने ठरवलं. शेजारच्या सुमनताईंना दाराकडे कान ठेवायला सांगितलं आणि योगिनीला घेऊन कोंडाजींच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. कोंडाजी इथलेच, जुन्या गावठाणातले. आवाज न करणारा, वीज कमी खाणारा आणि पोरीला नीट दिसेल असा दिवा हवा, असं तिने एका दमात सांगितलं. त्यांनी खोकी मांडली. वॅटवर जाऊ नका, म्हणाले. वॅट म्हणजे तो वीज किती खातो, उजेड किती देतो ते ल्युमेनच्या आकड्यावर बघायचं. हा नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठच्या बल्बएवढा उजेड देतो. वर्षाली खोकी उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचत राहिली. एक उचलायची, ठेवायची, परत तेच उचलायची. घरी तो उठला तर नसेल ना, हे मनात चालूच.

दिवसाचं कोण झोपतं का घरी, असं कोंडाजींनी विचारलं. तिने रात्रपाळीचं सांगितलं.

"मग पिवळा न्या, ताई. पाच वॅटचा. पांढऱ्यात मान्साला झोप न्हाई लागत."

पिवळा म्हटल्यावर तिला जालन्याकडच्या माहेरचा मिणमिणता बल्ब आठवला. त्या उजेडात लिहून पोरीने वहीत नाकच खुपसायचं. शिवाय समाधान सांगायचा, शेडमध्ये नवे पांढरे दिवे लावलेत, रात्री बाराला दुपार वाटते. रोज बारा तास ज्याखाली उभा राहतो, त्याचा त्याला कसला त्रास? उलट सवयीचाच.

"कंपनीत असतात तसला द्या," ती म्हणाली.

"घराची कंपनी करताय व्हय?" म्हणत त्यांनी पांढरा बांधून दिला.

स्टुलावर चढून तिने तो होल्डरमध्ये बसवला, श्वास धरून बटण दाबलं. आवाज नाही. खोलीचे चारही कोपरे एकदम धुऊन निघाल्यासारखे झाले. योगिनीने वही मांडीवर घेतली आणि पाठ ताठ करून लिहायला लागली. वर्षालीला इतकं बरं वाटलं, की दोन मिनिटं ती नुसती तिच्याकडे बघत बसली.

तेवढ्यात समाधान उठून बसला.

डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. डावा तळवा त्याने गादीवर दाबला. उजवा हात पुढे गेला, काहीतरी आत सरकवून मागे आला. परत डावा दाबला, उजवा पुढे. एका लयीत, चार वेळा, पाच वेळा.

योगिनी खुदकन हसली. "बाबा खेळतायत!"

वर्षालीने झेप घेऊन दिवा घालवला. अंधारात तो हळूच आडवा झाल्याचा आवाज आला. ती पुढचा तासभर ओट्याला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांसमोरून तो उजवा हात जात नव्हता.

पाच वाजता चहा देताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, अहो, ती दोन्ही बटणं अजून तशीच आहेत ना?

"हो. का गं?" त्याने बशीत चहा ओतला आणि बशीतच बघत राहिला. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, आणि पाहिलं ते त्याला कळू नये म्हणून धुतलेली भांडी परत धुवायला घेतली. तेवढ्यात त्याने डोक्यावरचा दिवा पाहिला. चांगला आणलास, म्हणाला. साडेसहाला डबा घेऊन कंपनीच्या बसकडे गेलाही. निघताना बोलायचं, असं तिने तीनदा ठरवलं होतं.

तो गेल्यावर ती तडक दुकानात गेली. कोंडाजींनी पांढरा घेऊन पिवळा दिला. तिने तो बसवला. उजेड मऊ होता, पण वाटलं होतं तसा मिणमिणता नव्हता. पोरीला अक्षर दिसत होतं. याच्याखाली तो उद्या दुपारी नीट झोपेल. झोपेल हे खरं.

जेवायला तिने ताट ठेवलं. योगिनीने दोन्ही तळवे फरशीवर दाबले आणि खट्टाकची वाट बघत राहिली. वर्षाली ताटातली भाकरी कुस्करत राहिली. पोरीने एक हात उचलला, त्याच्याकडे बघितलं, परत खाली ठेवला.

"आई, दुपारी बाबांनी एकच बटण दाबलं," ती म्हणाली. "मग दुसरा हात कुठे होता?"