प्रार्थनेशिवायची चाचणी

हे कुणाच्या बापालाही पटायचं नाही, पण शिंपीणबाईंना बंद पाकिटातलं चित्र दिसायचं. मधे भिंत असली तरी दिसायचं! त्यांच्यावर प्रयोग करणारे प्राध्यापक पलीकडच्या खोलीत पाकीट धरून बसत, आणि अलीकडून बाई ओरडत, "छत्री आहे. आणि खिशात अर्धं खाल्लेलं केळं आहे, ते टाका आधी." प्राध्यापकांच्या डोक्यावर जे चार केस उरले होते, तेही ताडकन उभे राहत.

बाईंना छत्रीशी काय देणंघेणं? बोटीवर गेलेला मुलगा परतला नव्हता. बोटीचाही थांगपत्ता नव्हता. तो आहे की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि नेमकं तेच दिसत नव्हतं. सराव झाला की दिसेल, या आशेवर त्या सुनेला घेऊन प्रयोगशाळेत येत.

धर्मगुरूंच्या कानावर हे गेलं. ते तरातरा आले. "ही देवाची कृपा! बाई आधी प्रार्थना करतात, म्हणून दिसतं."

"मनाची शक्ती आहे ती," प्राध्यापक म्हणाले. "आज प्रार्थनेशिवाय बघू. बाई, प्रार्थना करायची नाही हं."

बाईंनी डोळे मिटले. "घोडा."

पाकिटातून घोडाच निघाला. प्राध्यापकांनी टेबलावर थाप मारली. "बघा! प्रार्थना न करता!"

"तसं नाही हो," बाई ओशाळल्या. "चुकून होऊ नये म्हणून मी म्हटलं, देवा, आज माझ्याकडून प्रार्थना होऊ देऊ नकोस."

धर्मगुरू खो-खो हसले. मग दोघांची अशी जुंपली, की खाली सांडलेली पाकिटं कुणी उचलेना.

"माझ्या मुलाचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "कुणाच्या बाजूनं बघू, तेवढं सांगा."

एकाकडे यंत्रं होती, दुसऱ्याकडे ग्रंथ होते. यावर मात्र दोघांचेही हात रिकामे.

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. आत नुसता अंधार. शेजारी सून श्वास रोखून बसलेली. अंधार काही हलेना.

"दिसला गं," बाई म्हणाल्या. "बंदरावर उभा आहे. अंगानं भरलाय. हसतोय. तुझ्यासाठी काहीतरी घेतलंय बघ त्यानं..."

सुनेनं त्यांचा हात धरला.

"आई, खोटं बोलताय तुम्ही. खरंच दिसतं तेव्हा तुम्ही कधी कुणाची समजूत काढत नाही."