इल्पोची सौना

तुइरेला स्वतःच्या हुशारीचा भारी तोरा. कुओपिओ शहरातल्या त्यांच्या गेमवाल्यांच्या क्लबात कुणा नवख्यानं गेमसाठी लेव्हल बनवली आणि भिंतीत कुठे फट ठेवली, की हिचं हसणं सुरू. लेव्हलला बाहेरच्या पोकळीकडे फट चालतच नाही. कंपाईल करायला, म्हणजे खेळता येईल अशी पक्की करायला घेतली की संगणक "गळती आहे" म्हणून हात वर करतो. मग नवखे काय करतात, अख्ख्या लेव्हलभोवती एक मोठी पेटी घालतात. गळती झाकली जाते, पण संगणक बाहेरची सगळी रिकामी जागाही मोजत बसतो. "घर गळतंय म्हणून गावावर छप्पर घालता होय रे?" हे तुइरेचं ठरलेलं वाक्य.

आणि आज, युहान्नुसच्या, भर उन्हाळ्यातल्या सणाच्या आदल्या दिवशी, चार वाजता लेव्हल बनवायच्या स्पर्धेची मुदत संपत असताना, बाईसाहेब स्वतःच पेटी घालून बसल्या होत्या!

लेव्हल तिची एकटीची नव्हती. तळ्याकाठचं लाकडी घर, होडीचा धक्का, लपायला गवताची कोठारं. अर्धं तिनं बांधलेलं, अर्धं वासा शहरात राहणाऱ्या धाकट्या भावानं, इल्पोनं. ईस्टरला दोघांचं फाटलं. इल्पोनं घरामागे सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली काढली आणि वाढवत वाढवत पार चर्चएवढी केली. "अरे, इथे लोक गोळ्या झाडायला येणार, अंग शेकायला नाही," असं तुइरे सगळ्या क्लबादेखत बोलली. त्यानं तिचा फोन घेणं सोडलं. हिनंही रागाच्या भरात त्याची सौना पुसून टाकली आणि दाराच्या जागी भिंत घातली. नसेल बोलायचं तर नको बोलूस! पण तेव्हापासून कॉफी ओतताना तिचा डोळा फोनकडेच असायचा, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

गळती कुठे आहे ते दाखवायला संगणक लाल रेघ काढतो. रेघ धरून गेलं की फट सापडते. आजची रेघ मात्र स्वयंपाकघराच्या मागे, भिंतीबाहेर, पोकळीत बोटभर लोंबत होती, कशालाच न चिकटलेली. तिनं भिंती चाचपल्या, छप्पर चाचपलं. फट नाहीच. म्हणून लाज गुंडाळून पेटी घातली, तर मोजणी मुंगीच्या पावलानं चाललेली. दोन वाजून गेले.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण, ते तिला ठरवता येईना. तिनं फोन लावला.

इल्पोनं उचलला. "काय?"

"गळतीय," तुइरे म्हणाली. "स्वयंपाकघरामागे. रेघ हवेतच सुरू होतेय."

तिकडे कीबोर्ड खटखटला. मग, "ताई, तिथे माझी सौना होती ना?"

"होती."

"उडवलीस?"

"उडवली." तिनं कबूल केलं. "चुकलं माझं, इल्पो. चारचौघांत बोलले तेही चुकलं."

"अगं, मग चूल तिथेच राहिली असणार!" तो एकदम ओरडला. "बाकं लावताना मध्ये येत होती म्हणून मी ती नजरेआड केली होती. दिसत नाही, पण संगणक मोजतो तिला, आणि पोकळीत एखादी वस्तू राहिली की त्याला तीही गळतीच वाटते. तू खोली पाडलीस आणि माझी चूल पोकळीत लटकवलीस! काय बाई आहेस!"

तुइरेला हसू फुटलं, आणि डोळ्यांतून पाणीही. लपवलेलं सगळं दिसू दे म्हणून तिनं बटण दाबलं. होतीच ती तिथे. काळ्या शून्यात, दगड रचलेली, धगधगणारी, बिचारी एकटी.

"काढून टाकू?" तिनं हळूच विचारलं.

"थांब. एक फाईल पाठवतो."

फाईल उघडली. त्याचीच सौना, पण निम्म्याहून लहान; एक बाक, एक बादली, लपायला एक कोपरा. तिला हवी होती तश्शी.

"ही कधी केलीस?"

"ईस्टरनंतर लगेच. तू फोन करशील म्हणून थांबलो होतो."

"अरे गाढवा, उचलत होतास का तू?"

"पहिल्या आठवड्यात नाही उचलला. नंतर तू केलास कुठे?"

पाण्यात काठी मारली म्हणून पाणी थोडंच दुभंगतं! तिनं पेटी काढली, भिंत फोडली, सौना जोडली, चूल जागेवर बसवली आणि कंपाईल लावलं. इल्पो फोनवरच होता. आकडे भराभर सरकले आणि शेवटी संगणकानं सांगितलं: गळती नाही. दोघांचाही जीव भांड्यात पडला. साडेतीनला लेव्हल पाठवून झाली.

"ये ना आत," इल्पो म्हणाला. दोघं आपापल्या घरून लेव्हलमध्ये शिरले. तुइरे धक्क्यावरून पळत आली, स्वयंपाकघर ओलांडून तिनं मागचं दार उघडलं. तो बाकावर बसला होता, बंदूक बाजूला ठेवून.

"दार लाव गं आधी," तो खेकसला. "सगळी वाफ बाहेर चाललीय."